धातूच्या इमारतींचे बाह्यांग

पोलादी सांगाड्यावर धातूचे पत्रे बसवून उभारलेल्या इमारतीचा जो भाग बाहेरून दिसतो आणि ऊन, पाऊस व वारा यांना तोंड देतो, त्यास त्या इमारतीचे बाह्यांग म्हणतात. छपराचे व भिंतींचे पत्रे, त्यांवरील लेप व रंग, सांधे झाकणाऱ्या पट्ट्या, वळचण, पन्हळी, दारे-खिडक्या, झरोके, छज्जे आणि भिंतीच्या खालच्या भागातील वीटकाम वा दगडकाम यांचा त्यात समावेश होतो. गुदामे, कारखाने, कृषिमालाच्या वखारी, कुक्कुटशाळा, क्रीडागृहे, दुकाने, शाळा व क्वचित घरे यांसाठी अशा इमारती उभारण्यात येतात.

विटांच्या इमारतीत भिंत भार पेलते, गिलावा तिचे रक्षण करतो व रंग तिला शोभा आणतो. धातूच्या इमारतीत भार सांगाडा पेलतो. परंतु आडोसा, संरक्षण व शोभा ही तिन्ही कामे सु. ०·५ मिमी. जाडीचा एकच पत्रा करतो. त्यामुळे शोभेसाठी केलेली प्रत्येक निवड ही संरक्षणाचीही निवड असते. रंग बदलला की आतील उष्णता बदलते, वळचण वाढविली की वाऱ्याचा भार वाढतो आणि खिडकीवर निराळ्या धातूची पट्टी बसविली की गंजाला वाट मिळू शकते. शिवाय मागणीनुसार घडविलेल्या इमारतीचे खांब, तुळया व आडवे वासे कारखान्यातच मोजून, कापून व भोके पाडून तयार होतात. म्हणून बाह्यांगाविषयीचे बहुतेक निर्णय सांगाड्याचा आराखडा कायम होण्यापूर्वी घ्यावे लागतात.

ऐतिहासिक आढावा : पन्हळी पत्र्याचे एकस्व (पेटंट) लंडन येथील गोदीचे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये मिळविले. पातळ पत्र्याला पन्हळी पाडल्या असता त्याचा ताठपणा अनेक पटींनी वाढतो व तो कमी आधारांवर अधिक अंतर पेलू शकतो, हे त्यामागील तत्त्व होय. मात्र उघडे लोखंड लवकर गंजत असे. स्टॅनिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये फ्रान्समध्ये वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून त्यावर लेप देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि पन्हळी पत्र्याचा प्रसार झपाट्याने झाला. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सुवर्णशोधकांसाठी इंग्लंडमधून लोखंडी घरे सुट्या भागांत जहाजांनी पाठविण्यात येत होती.

मुंबईतील वॉटसन्स हॉटेलचा (नंतरचे एस्प्लनेड मॅन्शन) लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून आणून १८६० नंतरच्या दशकात येथे उभारण्यात आला. या इमारतीत विटांचे काम केवळ सांगाड्यातील मोकळी जागा भरण्यापुरते असून ओतीव लोखंडाचे खांब व सज्जे दर्शनी भागात उघडेच ठेवलेले होते. सांगाडा हीच शोभा, असा तो प्रकार होता. पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यातील पीटर नॉर्मन निसेन यांनी अर्धदंडगोलाकार पत्र्याची झोपडी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेत क्वॉन्सेट झोपडी याच धर्तीवर मोठ्या संख्येने बनली. युद्धानंतर ताठ चौकटींच्या सांगाड्याच्या पूर्वनिर्मित इमारती अमेरिकेत व पुढे इतरत्र प्रचारात आल्या. तोपर्यंत अशा इमारतीचे रूप म्हणजे करडा पन्हळी पत्रा एवढेच होते. कारखान्यातच रंगविलेल्या पत्र्यांच्या गुंडाळ्या आणि १९६५ मध्ये उपलब्ध झालेली पॉलिव्हिनिलिडीन फ्ल्युओराइड या रेझिनाची टिकाऊ रंगलेपने यांमुळे धातूच्या इमारतीस हवे ते रूप देणे शक्य झाले. १९७२ मध्ये ॲल्युमिनियम व जस्त यांच्या मिश्रधातूचा लेप दिलेले पत्रे अमेरिकेत बाजारात आले.

स्थळाचा विचार : बाह्यांगाची निवड स्थळापासून सुरू होते. हवेतील आर्द्रता, समुद्रावरून येणारे क्षार आणि कारखान्यांतून निघणारी गंधकाची संयुगे ही गंज वाढविणारी तीन प्रमुख कारणे होत. आंतरराष्ट्रीय मानकात वातावरणाचे गंजकारक सामर्थ्यानुसार सी १ (अतिसौम्य) ते सी ५ (अतितीव्र) व त्यापुढील सीएक्स (पराकोटीचे) असे वर्ग पाडलेले आहेत. मराठवाड्यातील कोरड्या हवेत दीर्घकाळ टिकणारा पत्रा रत्नागिरी अथवा वेंगुर्ले येथे समुद्रासमोर त्या मानाने फार लवकर गंजतो. क्षारांचे प्रमाण किनाऱ्यापासून आत जावे तसे झपाट्याने घटते. म्हणून एकाच गावातील, परंतु समुद्रापासून निरनिराळ्या अंतरांवरील दोन इमारतींना भिन्न लेप लागू शकतात.

धातुलेप : रंगाच्या खाली पोलादाचे खरे रक्षण धातूचा लेप करतो. साध्या जस्तलेपनात दोन्ही बाजू मिळून दर चौ. मी. ला २७५ ग्रॅ. जस्त असल्यास प्रत्येक बाजूस लेपाची जाडी सु. २० मायक्रोमीटर (मिमी. च्या सहस्रांशाला मायक्रोमीटर म्हणतात) भरते. जस्त पोलादाआधी स्वतः झिजते, त्यामुळे कापलेली कड व लहान ओरखडे यांचेही काही प्रमाणात रक्षण होते. ५५% ॲल्युमिनियम, ४३·४% जस्त व १·६% सिलिकॉन असलेला मिश्रधातूचा लेप हलका असून बहुतेक वातावरणांत साध्या जस्तलेपापेक्षा बराच अधिक टिकतो. दर चौ. मी. ला १५० ग्रॅ. एवढ्याच लेपाने तेवढी जाडी मिळते. मात्र ओले सिमेंट व चुना यांसारख्या अल्कधर्मी पदार्थांनी आणि गोठ्यात किंवा कुक्कुटशाळेत निर्माण होणाऱ्या अमोनियाने त्यातील ॲल्युमिनियमाची हानी होते. जनावरांच्या निवाऱ्यासाठी तो सहसा योग्य ठरत नाही. भारतात जस्तलेपित पत्र्यांसाठी आयएस २७७ हे मानक असून रंगविलेल्या पत्र्यांसाठी स्वतंत्र मानके आहेत. खरेदी करताना ‘जाडी ०·५ मिमी.’ एवढ्या उल्लेखावर भागत नाही. ती जाडी केवळ पोलादाची की लेपासह, तसेच दर चौ. मी. ला धातुलेप किती, हे लेखी असणे आवश्यक असते. कारण रंगविल्यानंतर चांगला व कनिष्ठ पत्रा डोळ्यांना सारखाच दिसतो.

दोन भिन्न धातू पाण्याच्या सान्निध्यात एकमेकांना टेकले असता त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू झिजतो. तांब्याच्या पन्हळीतून अथवा वीजसंवाहकावरून ओघळलेले पाणी जस्तलेपित पत्र्यावर पडल्यास तेथे लवकर भोके पडतात. शोभेसाठी तांब्याची पट्टी बसवावयाची झाल्यास तिचे पाणी पत्र्यावर उतरणार नाही, अशी योजना करतात.

रंगलेप व रंगाची निवड : साधे पॉलिएस्टर, सिलिकॉनमिश्रित पॉलिएस्टर आणि पॉलिव्हिनिलिडीन फ्ल्युओराइड ही तीन प्रमुख रंगलेपने होत. त्यांचा थर सामान्यतः २० ते २५ मायक्रोमीटर असतो व त्याखाली प्राथमिक लेप असतो. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी रेझिनाचे रेणू तुटतात, पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येते आणि रंग फिका पडतो. तिसऱ्या प्रकारातील कार्बन-फ्ल्युओरीन बंध अतिशय बळकट असल्याने तो सर्वांत अधिक काळ रंग टिकवतो. त्याची किंमतही अधिक असते. रंगद्रव्यांतही फरक आहे. गेरू, तपकिरी, करडा अशा मातकट छटांतील अकार्बनी रंगद्रव्ये भडक लाल व निळ्या छटांतील कार्बनी रंगद्रव्यांपेक्षा सामान्यतः अधिक टिकतात. संपूर्ण भिंतीस सौम्य छटा आणि सहज बदलता येणाऱ्या पट्ट्या, दारे व छज्जे यांस गडद छटा देण्याची पद्धत म्हणूनच व्यवहार्य ठरते.

रंगाचा दुसरा परिणाम उष्णतेवर होतो. भर उन्हात गडद छपराचे तापमान ७०° से. च्या पुढे जाऊ शकते. पांढऱ्या छपराचे त्या मानाने पुष्कळ कमी राहते. रंग न दिलेला चकचकीत पत्रा प्रकाश चांगला परावर्तित करीत असला, तरी शोषलेली उष्णता बाहेर टाकण्याची त्याची क्षमता फार कमी असते. म्हणून तो हाताला पांढऱ्या रंगविलेल्या पत्र्यापेक्षा अधिक तापलेला लागतो. विदर्भासारख्या प्रदेशात जेथे लोकांना छपराखाली काम करावयाचे असते, तेथे फिकट छप्पर ही शोभेची नव्हे, तर आरोग्याची बाब ठरते.

पत्र्यांचे आकार : पारंपरिक नागमोडी पन्हळ, चौकोनी कंगोऱ्यांचा पत्रा व सपाट पाट असे प्रमुख आकार आढळतात. कंगोरे जितके खोल तितका पत्रा ताठ होतो व छायाप्रकाशामुळे भिंतीस खोली येते. उभ्या कंगोऱ्यांनी इमारत उंच, तर आडव्यांनी लांब व बसकी भासते. आडवे कंगोरे वापरल्यास भिंतीमागील आधारांची दिशा बदलावी लागते व कंगोऱ्यांवर धूळ आणि क्षार साचतात. रुंद सपाट पाट नीटनेटके दिसतात. परंतु त्यांवर लाटांसारखे उंचवटे दिसू लागतात. हा दोष बळास बाधक नसला, तरी गडद व चकचकीत पृष्ठभागावर ठळकपणे नजरेत भरतो. बारीक कंगोरे, जाड पत्रा व निस्तेज फिकट रंग यांमुळे तो झाकला जातो.

छप्पर व वळचण : पत्रे स्क्रूंनी थेट वाशांवर बसविणे किंवा त्यांच्या उभ्या कडा एकमेकींत दुमडून आतील छुप्या पकडींवर धरणे, अशा छप्पर बसविण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली स्वस्त आहे. परंतु प्रत्येक स्क्रू म्हणजे छपरातील एक भोक असते आणि त्याखालील रबरी चकती पत्र्याच्या आधी जीर्ण होते. दुसऱ्या पद्धतीत भोके फार थोडी पडतात व पत्रा तापल्यावर सरकू शकतो. पोलादाची ३० मी. लांब पट्टी तापमानात ४०° से. फरक पडला असता सु. १४ मिमी. ने वाढते, ॲल्युमिनियमची वाढ याच्या जवळजवळ दुप्पट असते. ही वाढ अडली, तर स्क्रूंची भोके लांबट होतात व गळती सुरू होते.

कोकणातील कौलारू घरांचे तीव्र उताराचे पाखे आणि खोल वळचण मातीच्या व चिऱ्याच्या भिंतींना झडीपासून वाचवीत. धातूच्या इमारतीलाही वळचण बाहेर काढल्याने दारे-खिडक्यांवरील पाणी व ऊन अडते आणि इमारतीचा पेटीसारखा बोडकेपणा जातो. तथापि समुद्राजवळ एक बाब उलटी घडते. उघड्या भिंतीवरील क्षार पावसाने धुऊन निघतात. वळचणीखालील पत्र्यावर मात्र ते साचून राहतात आणि तेथेच गंज आधी धरतो. म्हणून अशा ठिकाणी वळचण काढल्यास तिच्याखालील भाग वेळोवेळी गोड्या पाण्याने धुण्याची सोय ठेवावी लागते.

वाऱ्याचा भार : पत्र्याचे वजन दर चौ. मी. ला सु. ५ किग्रॅ. भरते. भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग ३) मुंबई व नागपूर येथे वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मी., तर पुणे येथे ३९ मी. धरतात. ४४ मी. वेगाशी निगडित दाब दर चौ. मी. ला सु. १,१६० न्यूटन, म्हणजे पत्र्याच्या वजनाच्या वीसपटींहून अधिक भरतो. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो व ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांत सर्वाधिक असते. वळचण किंवा पुढे काढलेला छज्जा यांना वरून ओढ व खालून रेटा असे दोन्ही सोसावे लागते. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा असंख्य घरांची पत्र्याची व कौलांची छपरे उडाली. यास्तव इमारत उभी राहिल्यावर नुसत्या पत्र्याला जोडलेला छज्जा धोकादायक असतो. त्याचा भार सांगाड्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

पन्हळी : छपरावर पडणारे पाणी मोजता येते. १ मिमी. पाऊस म्हणजे दर चौ. मी. ला १ लि. पाणी. तासाला १०० मिमी. या वेगाने पाऊस पडल्यास ५०० चौ. मी. छपरावरून तासाला ५०,००० लि., म्हणजे सेकंदाला सु. १४ लि. पाणी वाहते. पन्हळी व नळ यांचे आकार या हिशेबावरून ठरवितात. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, हे लक्षात घेता हिशेबात सढळपणा ठेवणे इष्ट असते. दोन पाख्यांमधील आतील पन्हळ तुंबली की पाणी इमारतीतच उतरते. बाहेरील पन्हळ तुंबली, तर ते बाहेर सांडते. दर्शनी भाग स्वच्छ दिसावा म्हणून पन्हळी उंच कठड्यामागे लपविल्यास जादा पाणी बाहेर टाकणारी मुखे ठेवणे अगत्याचे असते.

उजेड व वायुवीजन : भिंतीच्या वरच्या भागात बसविलेली अर्धपारदर्शक पत्र्यांची सलग पट्टी आत समप्रमाणात उजेड देते व बाहेरून लांब भिंतीचा एकसुरीपणा मोडते. छपरावरील अशा पट्ट्यांतून उजेड अधिक येतो; परंतु उष्णताही येते. काचतंतूंचे किंवा पॉलिकार्बोनेटाचे पत्रे कालांतराने ठिसूळ होतात व धुळीने झाकल्यावर इतर पत्र्यांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. दुरुस्तीसाठी छपरावर चढलेला माणूस त्यांवर पाय पडून खाली कोसळण्याचा धोका असतो. म्हणून त्यांच्याखाली लोखंडी जाळी बसवितात. आढ्यावरील झरोक्यांतून तापलेली हवा निघून जाते. मात्र तेवढीच हवा खालून आत येण्यास भिंतीत वाट असेल, तरच ते काम करतात.

भिंतीचा खालचा भाग : हातगाड्या, जनावरे, उडणारा चिखल व साचणारे पाणी यांमुळे पत्र्याची हानी बहुधा तळच्या १ मी. भागात होते. तेथपर्यंत वीट, चिरा किंवा काँक्रीट यांची भिंत बांधल्यास ती टिकाऊ होते व इमारत जमिनीशी जोडलेली दिसते. अशा भिंतीस स्वतंत्र पाया लागतो. तसेच पोलादी सांगाडा वाऱ्याने थोडा झुकतो, वीटकाम झुकत नाही. त्यामुळे दोहोंच्या सांध्यात हालचालीस वाव ठेवावा लागतो, अन्यथा भिंतीस तडे जातात. वीटकामाच्या वरच्या कडेवर बाहेरच्या बाजूस उतरती पट्टी बसवितात. पत्रा ओल्या गिलाव्यात कधीही रुतवीत नाहीत.

उष्णतारोधन व आगीचा धोका : पत्र्याच्या दोन थरांमध्ये फेसाळ प्लॅस्टिक किंवा खनिज लोकर भरलेले पाट वापरल्यास उष्णता, पावसाचा आवाज व पत्र्याच्या आतील बाजूस सुटणारा घाम ही तिन्ही कमी होतात. परंतु गाभ्याच्या ज्वलनशीलतेकडे दुर्लक्ष करणे घातक असते. पॉलिस्टायरिनाचा फेस सहज पेट घेतो, पॉलिआयसोसायन्युरेटाचा त्याहून अधिक काळ तग धरतो, तर खनिज लोकर जळत नाही. दर्शनी भागास गुळगुळीत रूप देण्यासाठी बसविण्यात येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या संमिश्र पाटांनाही हेच लागू पडते. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या काँक्रीटच्या बहुमजली निवासी इमारतीला नूतनीकरणाच्या वेळी असे पाट बसविलेले होते व त्यांचा गाभा पॉलिएथिलिनाचा होता. जून २०१७ मध्ये तेथे लागलेली आग या बाह्यावरणातून पसरत गेली आणि ७२ जण मृत्युमुखी पडले. धातू दिसतो म्हणून आवरण अज्वलनशील असते, असे नाही.

निवडीचा क्रम : खर्चास मर्यादा असते, तेव्हा मागाहून बदलणे अशक्य किंवा महाग असलेल्या गोष्टींना अग्रक्रम देणे श्रेयस्कर ठरते. धातुलेपाची प्रत व पत्र्याची जाडी, छपराचा उतार व बसविण्याची पद्धत, वळचणीची लांबी, छज्जांसाठी सांगाड्यातील जोड, दारे-खिडक्यांच्या चौकटी आणि उष्णतारोधन यांचा त्यात अंतर्भाव होतो. दुसऱ्या क्रमावर रंगलेपाचा प्रकार व छपराचा रंग येतात. दाराची शोभा, दिवे, नामफलक, कठड्याची नक्षी इ. गोष्टी नंतरही करता येतात. पुढे छज्जा किंवा सौरपट्ट बसविण्याचा विचार असल्यास त्यांचा भार आरंभीच हिशेबात धरतात. सर्व भिंतींवर समान खर्च करण्यापेक्षा रस्त्याकडील बाजू व प्रवेशद्वार यांवर तो केंद्रित केल्यास थोड्या पैशात अधिक परिणाम साधतो. संरक्षणाच्या बाबतीत मात्र मागची भिंत पुढच्या भिंतीइतकीच महत्त्वाची असते.

बांधणी व देखभाल : एकावर एक रचलेले पत्रे पावसात भिजल्यास त्यांमधील फटींत पाणी राहून जस्तावर पांढरा गंज येतो; म्हणून ते तिरपे व झाकून ठेवतात. भोके पाडताना उडालेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढला नाही, तर तो गंजून रंगावर डाग पडतात. कापलेल्या कडा, सांध्यांच्या पट्ट्या व स्क्रू यांची प्रत पत्र्याच्या प्रतीशी जुळती असावी लागते. उत्तम पत्रा व हलके स्क्रू यांच्या जोडीत इमारतीचे आयुष्य स्क्रूंवरून ठरते. पावसाळ्यापूर्वी पन्हळी साफ करणे, सैल स्क्रू व फुटलेल्या चकत्या बदलणे, छपरावर साचलेला पालापाचोळा काढणे, ओरखड्यांवर योग्य रंग लावणे आणि पावसाने न धुतले जाणारे भाग धुणे, एवढी वार्षिक देखभाल सामान्यतः पुरते. तळची कड, वळचणीची आतील बाजू व पत्र्यांचे आच्छादित सांधे यांत गंज प्रथम दिसत असल्याने तपासणीची सुरुवात तेथूनच करतात.